थकलेल्या हृदयाला हातभार

वसईच्या वाड्यांत पूर्वी बावखलावर रहाट चालत. समजा, रहाटाला जुंपलेलं जनावर थकून बसलं. बागेचं पाणी तर थांबवता येत नाही. मग शेजाऱ्याचं जनावर मागून आणायचं. त्यानं आपलं जनावर बरं होत नाही. त्याला विसावा तेवढा मिळतो. हृदयाला यंत्राची मदत मिळते, ती अशीच.

हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्याचा स्नायू दुबळा होतो. दुखणं फार वाढलं तर रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात. मग हृदयालाच रक्त कमी पोचतं आणि ते अधिकच खचतं.

6 मे 1953 रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी शस्त्रक्रियेत एका मुलीच्या हृदयाचं व फुफ्फुसांचं काम 26 मिनिटं यंत्राकडून करवून घेतलं. मुलगी वाचली. पण खाटेवर खचत चाललेल्या रोग्याचं काय? 1967 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी अशा एका बाईच्या महारोहिणीत लांबट फुगा सरकवला. हृदय सैल पडलं की फुगा फुगे आणि रक्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांकडे लोटलं जाई. हृदय आकसण्याआधी तो मिटे, म्हणून हृदयाला जोर कमी लागे. सुमारे सात तास हे चाललं. बाई वाचली.

आपल्या मुंबईतही या विद्येची उमेद मोठी होती. फेब्रुवारी 1968 मध्ये के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका शेतकऱ्याला दुसऱ्याचं हृदय बसवलं. जगातलं ते सहावं हृदयारोपण. रोगी तीनच तास जगला. नवं हृदयसुद्धा सुरुवातीला भार पेलेनासं होतं. आज अशा वेळी ते सावरेपर्यंत यंत्राचा आधार देता येतो.

मात्र यंत्र आलं म्हणजे जीव वाचलाच, असं समजू नका. 2012 साली जर्मनीत 600 रोग्यांवर पडताळा घेतला, तेव्हा फुग्यामुळे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. 2024 साली हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसणाऱ्या बारीक पंपाचा निकाल आला. निवडक रोग्यांत सहा महिन्यांतले मृत्यू शेकडा सुमारे 58 वरून 46 वर आले. पण रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणं, हे त्रास वाढले.

यंत्र वेळ मिळवून देतं. त्या वेळात अडलेली रक्तवाहिनी मोकळी व्हावी लागते. म्हणून गुरुजींनी मुलांना एवढं अवश्य सांगावं : घरात कुणाच्या छातीवर दाब आला, दरदरून गार घाम सुटला, तर वात असेल, सकाळी बघू, असं म्हणून बसू नये. लगेच 108 ला फोन करावा. अर्नाळ्याहून काय नि विरारहून काय, रोगी वेळेत पोचला तरच ही सारी विद्या त्याच्या कामी येईल.