मेंढरांवरचा आरोप: ॲरिस्टॉटलपासून राब्लेपर्यंत

(१/९) विचार न करता दुसऱ्यामागे जाणाऱ्यांना 'मेंढरे' म्हणण्याची रीत मराठीत आहे, तशीच ती संस्कृत आणि फ्रेंचमध्येही आहे. ही उपमा शतकानुशतके कोणी, कोणासाठी वापरली आणि ती कितपत न्याय्य आहे, याचा शोध घेणारा हा धागा.

(२/९) इ.स.पू. चौथे शतक. ॲरिस्टॉटलच्या नावावरील 'प्राण्यांचा इतिहास' या ग्रंथात मेंढी ही सर्व चतुष्पादांमध्ये निर्बुद्ध ठरवली आहे. मात्र त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे: मेंढपाळ प्रत्येक कळपासाठी एक नर लहानपणापासून शिकवून तयार करतात. नावाने हाक मारताच तो पुढे चालू लागतो.

(३/९) म्हणजे कळप ज्याच्यामागे जातो, तो पुढारी मेंढपाळानेच घडवलेला असतो. इंग्लंडमध्ये अशा खच्ची केलेल्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा बांधत. 'बेलवेदर' हा शब्द त्यातूनच आला. आज तो बाजाराचा किंवा निवडणुकीचा कल आधी दाखवणाऱ्या गोष्टीसाठी वापरतात.

(४/९) संस्कृतात या वृत्तीला 'गड्डलिकाप्रवाह' म्हणतात: एक मेंढी जिकडे, तिकडे सगळ्या. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आठव्या उल्लासात हा शब्द नोंदवला आहे. तेथे वाद होता काव्यातील गुण आणि अलंकार यांच्या भेदाचा.

(५/९) पूर्वपक्षाचे म्हणणे असे: शौर्य माणसात मुरलेले असते, हार वरून घातलेला असतो; काव्यात मात्र गुण आणि अलंकार दोन्ही सारख्याच नात्याने वसतात, म्हणून त्यांत भेद मानणे हा गड्डलिकाप्रवाह. मम्मटाने हे मत खोडून काढले. गुण हे रसाचे अविचल धर्म आहेत, अलंकार तसे नाहीत, असे त्याने कारण देऊन मांडले. परंपरेमागे जाणाऱ्यांना मेंढरे म्हटले, तेवढ्याने त्यांचे मत चुकीचे ठरले नाही.

(६/९) १५५२. फ्रान्समध्ये राब्लेचे 'चौथे पुस्तक' पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. जहाजावर दँदनो नावाचा मेंढ्यांचा व्यापारी पानुर्जची टर उडवतो. पानुर्ज त्याच्याकडून चढ्या भावाने एक मेंढा विकत घेतो आणि समुद्रात फेकतो. पाठोपाठ सगळा कळप उड्या घेतो. तत्पूर्वी इटलीच्या फोलेंगोने 'बाल्दुस' या काव्यात असाच प्रसंग रंगवला होता.

(७/९) पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. मेंढ्यांना धरून ठेवू पाहणारा दँदनो आणि त्याचे गडीही ओढले जाऊन बुडतात. पानुर्ज हातात वल्हे घेऊन उभा राहतो, तो त्यांना वर चढू न देण्यासाठी. सूड पानुर्जचा, लोभ व्यापाऱ्याचा. पण फ्रेंच वाक्प्रचारात आजही हसू होते ते 'पानुर्जच्या मेंढरां'चेच.

(८/९) आधुनिक विज्ञान काय सांगते? १९७१ मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी मांडले की शिकारी आला असता कळपाच्या मध्याकडे सरकणे हे प्रत्येक प्राण्याच्या स्वतःच्या हिताचे असते. २०१२ मध्ये मेंढ्यांवर जीपीएस यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात त्या कुत्र्याला पाहून खरोखरच मध्याकडे सरकल्या. २००१ च्या एका अभ्यासानुसार मेंढ्या इतर ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत ओळखू शकतात.

(९/९) तरीही कळपाचा धोका खोटा नाही. २००५ मध्ये तुर्कस्तानातील गेवाश येथे सुमारे १,५०० मेंढ्या एकामागून एक कड्यावरून कोसळल्या. सुमारे ४५० मेल्या. वृत्तांनुसार मेंढपाळ तेव्हा न्याहारीला गेले होते. म्हणून इतिहासात कोणत्याही जमावाला 'मेंढरे' म्हटलेले आढळले, तर तेवढ्यावर थांबू नये. पहिला मेंढा कोणी फेकला, घंटा कोणी बांधली आणि राखण करणारे कोठे होते, हेही विचारावे.