जावातील फाइलमार्ग

फाइलमार्गातील घटक विंडोजमध्ये बॅकस्लॅशने, तर लिनक्स व मॅकओएसमध्ये स्लॅशने वेगळे करतात. जावाच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशला खास अर्थ आहे. ‘टेम्प’ या फोल्डरच्या नावाआधी तो एकेरी लिहिला, तर पुढच्या लहान ‘टी’शी मिळून त्याचा टॅब होतो आणि मार्गच बिघडतो; म्हणून तो दुहेरी लिहावा लागतो. खरे तर विंडोजवरही जावा साधा स्लॅश चालवून घेते. २०११ मधील जावा ७ ने आणलेला ‘पाथ’ इंटरफेस अधिक भरवशाचा: ‘रिझॉल्व्ह’ने तुकडे जोडले की योग्य विभाजक आपोआप पडतो, ‘फाइल.सेपरेटर’ची ठिगळे लावावी लागत नाहीत. क्लासपाथमधील नोंदींचा विभाजक निराळा, विंडोजवर सेमिकोलन, लिनक्स-मॅकवर कोलन. लिनक्सवर नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे सहसा वेगळी मानली जातात. हा घोळ मात्र ‘पाथ’ही निस्तरत नाही.