शाळेतला गुलमोहर आणि राणीची बाग

बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांच्या आवारात कोणती झाडे आढळतात असे विचारले, तर गुलमोहराचे नाव पहिल्या दोन-तीनांत येईल. परीक्षा आटोपून शाळा ओस पडतात आणि नेमका तेव्हाच तो फुलतो. त्याच्या पुंकेसरांची कोंबड्यांची झुंज न खेळलेला मराठी माणूस विरळाच. इतका रुळलेला हा वृक्ष मूळचा मात्र मादागास्करचा. भारतातला त्याचा सर्वांत जुना उल्लेख १८४०च्या सुमाराचा, तोही मुंबईतल्या शिवडीचा आहे.

शिवडीच का? १८३० साली मुंबईत ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली आणि तिची बाग शिवडीला होती. परदेशी रोपे येथे रुजतात का, हे पाहणे हा अशा बागांचा मुख्य उद्योग असे. तेव्हा गुलमोहर नेमका शिवडीत दिसावा, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला वाटते.

या संस्थेत कोण मंडळी होती, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. सरकारी अधिकारी, डॉक्टर, व्यापारी. बागायत हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा नव्हता. नाना शंकरशेट (जन्म १८०३) हे मोठे व्यापारी. जॉर्ज बर्डवुड हा बेळगावात जन्मलेला डॉक्टर. त्याने १८६२ साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिजन्य पदार्थांची सूची छापली. डॉ. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी. नाणी आणि शिलालेख वाचता वाचता त्यांनी कुष्ठरोगावर वनस्पतिज औषधही शोधायला घेतले. ज्या वर्षी मुंबईची नवी बाग उघडली त्या वर्षी ते चाळिशीच्या आसपास होते. पदवी एका विषयाची आणि आयुष्याच्या मध्यावर जडलेला नाद दुसऱ्याच विषयाचा, अशी ही माणसे. आजच्या शाळेत असे कोणी भेटले तर आपण त्याला ‘छांदिष्ट’ म्हणून मोकळे होतो!

ही नवी बाग भायखळ्याची. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. शिवडीची जुनी जागा १८६५ साली दफनभूमीसाठी घेतली गेली. व्हिक्टोरिया राणीचे नाव दिलेल्या नव्या बागेला लोकांनी ‘राणीची बाग’ म्हटले. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५पासून भाऊ दाजींचे नाव आहे. संस्थेला पुढे हा भार पेलवला नाही आणि १८७३ साली बाग नगरपालिकेकडे गेली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाचा, म्हणजे राणीच्या बागेला आज आपल्या जिल्ह्याच्या लेकीचे नाव आहे. तरी बुलढाण्याहून मुंबईला गेलेली सहल तेथे पिंजऱ्यांपुढेच थांबते.

पिंजरे नंतरचे आहेत. १८९०च्या सुमारास बाग वाढवून प्राणिसंग्रहालय जोडले गेले आणि हळूहळू बागेची ओळखच बदलली. वनस्पती शिकण्याची जागा ही तिची मूळ ओळख मागे पडली. २००७ साली प्राणिसंग्रहालयाच्या फेररचनेचा काही शे कोटींचा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांचे काय होणार हा प्रश्न उभा राहिला. तो लावून धरला तो बागेत नित्य येणाऱ्या नागरिकांनी, त्यांतही काही महिलांनी. त्यांनी बागेतल्या झाडांची माहिती गोळा केली, लोकांना ती हिंडून दाखवली, आणि बागेच्या दीडशेव्या वर्षी, २०१२ साली, त्यावर पुस्तक काढले. तीन हजारांवर झाडे आणि सुमारे २८० जाती! केवळ ‘झाडे वाचवा’ म्हणण्यापेक्षा अशा यादीचे वजन अधिक पडते. पुढे २०१६ साली तेथे पेंग्विन आले आणि गर्दी पुन्हा तिकडे वळली, हा भाग वेगळा.

बागेत काय पाहावे? गोरखचिंच आफ्रिकेची. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या फुलात शिवलिंग दिसते म्हणून आपण त्याला खुशाल देशी मानतो. त्याची फुले थेट खोडावर येतात, हे मुलांना आधी सांगू नये, त्यांनाच शोधू द्यावे.

उर्वशीसाठी मात्र वेळ राखून ठेवावा. वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्रह्मदेशातल्या एका मठाच्या बागेत मिळाली; शास्त्रीय नाव ॲमहर्स्टिया नोबिलिस. तिचे आणि गुलमोहराचे कूळ एकच, शेंगांचे. चिंच, बहावा, कांचन हेही त्याच कुळातले. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांपैकी एक ठिपकेदार आणि वेगळी असते. उर्वशीच्या फुलातही वरची पाकळी मोठी असून तिच्यावर पिवळा डाग असतो. दोन्ही फुलांची चित्रे वहीत शेजारी काढली की सोयरीक आपोआप दिसते.

उर्वशीला आपल्याकडे शेंगा क्वचितच धरतात, त्यामुळे ती बियांवरून वाढवणे अवघड. फांदीची साल गोलाकार काढून, तेथे ओले शेवाळ बांधून मुळे फुटू देतात, म्हणजे गुटी कलम करतात. डाळिंबाचे गुटी कलम बांधणारे हात आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. एखाद्या शिक्षकाने पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्याजवळ बसून ते शिकून घ्यावे आणि शाळेतल्याच एखाद्या फांदीवर करून पाहावे. मुळे दिसायला महिना-दीड महिना लागतो.