सौ., श्रीमती की गं. भा.?

आपल्याकडे नावाआधी काय लावायचं याचं पक्कं शास्त्र होतं. धाकट्यांना चि., वडीलधाऱ्यांना ती., गेलेल्याला कै. बायकांच्या बाबतीत मात्र ही दोन अक्षरं म्हणजे चक्क स्टेटस फ्लॅग! आधी कु., मग सौ. आणि नवरा गेला की गं. भा., म्हणजे गंगा भागीरथी. बायको गेली तरी पुरुष आपला श्री.च. त्याच्या रेकॉर्डमध्ये काहीच अपडेट होत नाही.

गंगेसारखी पवित्र, असा अर्थ सांगतात. असेल बुवा. पण कल्पना करा, नवरा जाऊन आठ दिवस झालेत, सांत्वनाचं पत्र आलंय आणि मजकुराआधी पाकिटावरच ही नवी पदवी! निधन कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायचे, वाचून झालं की कार्डही फाडून टाकायचे. अशुभ तिथंच संपायचं. बाईच्या नावामागे मात्र ते जन्मभर.

याला सणसणीत अपवाद दौंड तालुक्यातल्या केडगावचा. पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली वारले, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पण ‘पंडिता’ ही पदवी त्यांना कलकत्त्यात १८७८ मध्येच, विद्वत्तेवर मिळालेली. ती बदलायचं कारणच नव्हतं. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग पुणे, आणि १८९६-९७च्या दुष्काळानंतर केडगावला शेकडो विधवा नि निराधार मुली. सदनातल्याच गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं, म्हणजे गं. भा.चं परत सौ. झालं. गावानं, मुरूडनं, कर्व्यांवर बहिष्कार टाकला!

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गं. भा.’ वापरण्याचा प्रस्ताव मांडला. प्रचंड टीका झाली, मग ‘फक्त चर्चेसाठी होतं’ असा खुलासा आला. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता!

मध्यंतरी टीममधल्या एका मित्राचे वडील गेले, घर शिरूरला. त्याच्या आईला पत्र लिहायचं होतं. ‘श्रीमती’ लिहावं, तर सरकारी कागदावर ते सगळ्यांना चालतं, पण आपल्याकडे घराघरात त्याचा अर्थ विधवा असाच घेतात. शेवटी आत ‘ती. काकूंस, सा. न.’ एवढंच लिहिलं. ‘ती.’ वयाला असतं, कुंकवाला नाही. पाकिटावर नुसतं त्यांचं नाव, खाली पत्ता, मु. पो. शिरूर, जि. पुणे. पोस्टमनला तेवढं पुरलं.