दस्तक, कौल आणि पारपत्र : असईपासून वळिवड्यापर्यंत

परदेशी जाणाऱ्या प्रवाशाने कोणते कागद जवळ बाळगावेत, कोणत्या नाक्यावर कोणती नोंद करावी, मुक्काम किती दिवसांचा असावा, यासंबंधीच्या सूचना आज बहुतेक देशांची परराष्ट्र खाती आपापल्या नागरिकांसाठी प्रसिद्ध करीत असतात. पोलंडहून भारतात पर्यटनासाठी येणाऱ्या माणसालाही वैध पारपत्र आणि व्हिसा यांवाचून प्रवेश मिळत नाही. हा नियम इतका परिचयाचा झाला आहे की, कागद आहे म्हणून प्रवेश आहे, असे आपण सहजच समजतो. इतिहासाची साक्ष मात्र थोडी निराळी आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहून गेली. त्यांचा प्रवेश वैयक्तिक पारपत्रावर ठरला नव्हता; तो सरकारासरकारांतील बोलण्यावर ठरला होता. प्रवेशाच्या नियमाचा अभ्यास करताना कागदाइतकाच त्यामागे उभ्या असलेल्या हमीचा शोध घ्यावा लागतो, हे या उदाहरणाच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. मराठी दप्तरांत प्रवासाच्या परवानगीसाठी येणारे शब्द बहुतांशी फारसी-अरबीतून आलेले आहेत. ‘दस्तक’ हा शब्द ‘दस्त’ म्हणजे हात यापासून झाला. वाटेत अडथळा होऊ नये म्हणून दिलेला तो अधिकाऱ्याचा कागद. ‘राहदारी’त ‘राह’ म्हणजे वाट आहे. ‘कौल’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ वचन. ओसाड गावी वसाहत करण्यासाठी रयतेला किंवा पेठेत येण्यासाठी व्यापाऱ्याला जो कौलनामा दिला जाई, त्यात येणाऱ्याच्या कर्तव्याबरोबर बोलावणाऱ्याचे वचनही लिहिलेले असे. ‘पासपोर्ट’ हा फ्रेंच भाषेतून युरोपभर पसरलेला शब्द केवळ पार जाण्याचे सांगतो, आणि ‘पारपत्र’ हा आपला नवा संस्कृतोद्भव शब्दही तेच सांगतो. ‘व्हिसा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाहिलेले’ एवढाच आहे. कागद तपासला गेला, याची ती खूण. म्हणजे दस्तक हात दाखवितो, व्हिसा डोळा दाखवितो. वचन स्पष्टपणे उच्चारणारा शब्द या मालिकेत एकच, तो कौल. पुढील विवेचनात या भेदाचा उपयोग होईल.

परकीय माणसाच्या प्रवेशाचा प्रश्न मराठी मुलखात राजकीय रूपाने कसा उभा राहिला, हे पाहण्यासाठी मराठवाड्याबाहेर जावयास नको. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. त्याच महिन्याच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सन याने जालन्याचा किल्ला घेतला होता. असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. त्याच्यासारखे अनेक युरोपीय त्या काळी देशी दरबारांच्या चाकरीत होते. त्यांना येथे राहण्याचा आधार होता तो दरबाराच्या शब्दाचा. कोणत्याही युरोपीय राजाच्या कागदावाचून त्यांचे अडत नव्हते.

कंपनीने नेमका हा आधारच मोडून काढला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्यांच्या पदरी असलेल्या शत्रुपक्षीय युरोपीयांविषयी कलम घालण्यात आले होते. असईनंतर ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांना असे कबूल करावे लागले की, इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या युरोपीय अथवा अमेरिकी सत्तेच्या प्रजाजनास, तसेच इंग्रज प्रजाजनास, कंपनीच्या संमतीवाचून चाकरीस ठेवावयाचे नाही. तहाची भाषा चाकरीची आहे. परिणाम मात्र प्रवेशाच्या नियमाचा झाला. परक्याला आश्रय देण्याचा देशी सत्तेचा अधिकार येथून संकोचत गेला. स्वतः इंग्रजांनाही १८१३ च्या सनदी कायद्याखाली हिंदुस्थानात येण्यास परवाना लागे. १८३३ च्या कायद्याने ते बंधन कंपनीच्या जुन्या मुलखापुरते उठले. पहिल्या महायुद्धानंतर १९२० चा पारपत्र कायदा आला आणि १९३९ साली परकीयांच्या नोंदणीचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी हिंदुस्थानचे दार कायद्याने असे बंदिस्त झालेले होते.

या दारापाशी पोलिश माणसे आली ती पर्यटक म्हणून नव्हेत. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड व्यापला. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडातील कुटुंबेच्या कुटुंबे सायबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार करण्यात आली. जर्मनीने रशियावर चाल केल्यावर ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला व कैद्यांना ‘माफी’ मिळाली. अपराधच नसता माफी कसली, हा प्रश्न पोलिश लोकांनी तेव्हापासून विचारला आहे. सुटकेचा दाखला हाती घेऊन ही माणसे दक्षिणेकडे निघाली आणि १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. सैनिक आघाडीवर गेले. स्त्रिया, मुले व वृद्ध यांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उरला.

हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांना जागा दिली. मुंबईच्या पोलिश वकिलातीचे प्रमुख बनासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी किरा बनासिन्स्का यांनी या कामी पुष्कळ खटपट केली. कुटुंबांसाठी वसाहत उभारली गेली ती कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरात, लोहमार्गालगत. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते, गादीवर बालराजा होता. कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांतून आगगाडीने आलेल्या या लोकांनी वळिवड्यात शाळा, देवालय, रुग्णालय आणि नाट्यगृहही चालविले. आपल्या वस्तीला ते ‘ओबूझ’ म्हणजे छावणी असे न म्हणता ‘ओशेद्ले’ म्हणजे वसाहत म्हणत. शब्दाची ही निवड उपेक्षणीय नाही. सायबेरियातून आलेल्या माणसाच्या कानाला ‘छावणी’ या शब्दात काय ऐकू येत असेल, याची कल्पना करता येते.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांनी वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता गेली. वळिवड्यातील माणसे होती तेथेच होती. पण ज्या सरकारच्या नावाने ती येथे आली होती, ज्याच्या नावे त्यांच्या खर्चाचा हिशेब होता, ते आता राजनैतिक दृष्ट्या उरले नव्हते. शिवाय त्यांपैकी बहुतेकांची गावे सोव्हिएत संघात गेली होती. पारपत्राची सारी रचना प्रवासी परत जाऊ शकतो या गृहीतावर उभी असते. पर्यटक आणि निर्वासित यांतील खरा भेद येथे आहे : पर्यटकाजवळ परतीची वाट असते, निर्वासिताजवळ ती नसते.

तथापि प्रवेश मागे घेण्यात आला नाही. आंतरराष्ट्रीय साहाय्य संस्थांनी पुढे खर्चाचा भार उचलला आणि १९४८ पर्यंत वसाहत टप्प्याटप्प्याने रिकामी झाली. काही जण पोलंडला परतले. सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, तेथे १९४७ साली पोलिश पुनर्वसनाचा कायदा झाला होता. इतर पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी ठिकाणी गेले. येथे एक आक्षेप संभवतो. हिंदी सरकारने हा आश्रय तात्पुरता मानला होता, आणि ते सरकारही परकीयच होते. तेव्हा याला कौल कसे म्हणावे? आक्षेप खरा आहे. यात निव्वळ औदार्य पाहणे हे इतिहासाला धरून होणार नाही. युद्धकालीन मैत्रीची गरज त्यामागे होती. परंतु कौलनाम्यातही बोलावणाऱ्याचा स्वार्थ असेच. कौलाची कसोटी हेतूच्या शुद्धतेत नसून वचनाच्या पालनात असते. कागदामागचे सरकार नाहीसे झाल्यावरही आश्रय टिकला, या अर्थाने वळिवड्यात व्हिसापेक्षा कौलाचे तत्त्व अधिक दिसते.

याच बराकींचा पुढील इतिहास हा मुद्दा अधिक स्पष्ट करतो. पोलिश लोक गेल्यावर तेथे सिंधमधून आलेले निर्वासित वसले. आजचे गांधीनगर ते हेच. ऑगस्ट १९४७ पूर्वी कराचीहून कोल्हापूरला येण्यास सिंधी माणसाला कोणताही प्रवेशपरवाना लागत नव्हता. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवान्याची पद्धत सुरू झाली आणि ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पारपत्र आवश्यक ठरले. पोलिश माणसाच्या बाबतीत माणूस सीमा ओलांडून आला होता. सिंधी माणसाच्या बाबतीत सीमाच त्याला ओलांडून गेली.

अशा माणसाला मराठीत आपण तीन नावे देतो. ‘निर्वासित’ या कर्मणी धातुसाधितात घालवून देणाऱ्याचे कृत्य आहे, ‘शरणार्थी’त येणाऱ्याची गरज आहे, ‘आश्रित’ या शब्दात ठेवून घेणाऱ्याचा संबंध आहे. कायद्याच्या भाषेत या तिघांचा मिळून एकच ‘परकीय’ होतो. १९२०, १९३९ आणि १९४६ चे कायदे रद्द करून २०२५ साली भारताने परकीयांविषयीचा एकत्रित कायदा केला. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे आश्रयाचा निर्णय आजही नियमापेक्षा शासनाच्या शब्दावर अधिक अवलंबून आहे. असईनंतर देशी दरबाराकडून तो शब्द काढून घेतला गेला. वळिवड्यात तो काही वर्षे पाळला गेला. प्रवेशनियमांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कायद्यांच्या कलमांबरोबर या दिलेल्या, मोडलेल्या आणि पाळलेल्या शब्दांचीही नोंद ठेवली पाहिजे.