तेरा ओळी, सतरा चुका आणि अकलोलीचं गरम पाणी

मागच्या शनिवारी टीममधले आम्ही सहाजण अकलोलीला जाऊन आलो. भिवंडीहून अंबाडी नाका, पुढे वज्रेश्वरी आणि तिच्याजवळच तानसा नदीच्या काठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडं. १७३९ साली वसई सर झाल्यावर चिमाजीअप्पांच्या नवसातून वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. आम्ही मात्र शुद्ध पाय शेकायला गेलो होतो.

कुंडात पाय सोडून बसलेलो असताना टीममधला सगळ्यात नवा मुलगा हळूच म्हणाला, "सर, बुधवारच्या रिव्ह्यूत तुमच्या डिझाइनमध्ये मला एक चूक दिसली होती. तेव्हा बोललो नाही."

चूक साधी नव्हती. ग्राहकाला पैसे परत करायची विनंती टाइमआउट झाली की आमची सिस्टिम ती पुन्हा पाठवते. पण पहिली विनंती पोचलेली असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल तर? पैसे दोनदा जाणार. रिलीज मंगळवारी होतं. बुधवारी मीटिंगमध्ये पाचजण होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या!

चूक माझी होती याचं फारसं वाईट वाटलं नाही. तो तीन दिवस गप्प का बसला, हे मात्र डोक्यातून जाईना. घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली, आणि लक्षात आलं की आपल्या धंद्याचा निम्मा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतोय.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. १९५४ च्या सुमारास टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण कॉम्प्युटर बनवायला बसले. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता. शिकवायला कोर्स नाही, विचारायला सीनियर नाही. हाताशी काय, तर परदेशातल्या यंत्रांबद्दल छापून आलेली माहिती. त्यांनी थेट मोठं यंत्र अंगावर घेतलं नाही. आधी एक छोटं, प्रायोगिक यंत्र बांधलं आणि १९५६ मध्ये ते चालवून दाखवलं. त्यातून शिकून मग मोठं यंत्र, जे १९६० मध्ये कामाला लागलं. १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळालं. २,७०० च्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब आणि आजच्या मानाने चिमुकली मेमरी! आज आपल्या मनगटावरच्या घड्याळात याच्या कितीतरी पट जास्त असतं. पण डिझाइन शिकायची पद्धत बघा: एकत्र बांधा, चुका सापडू द्या, पुन्हा बांधा.

टिफ्रॅक ज्या घराण्यातलं यंत्र होतं, त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे जॉन फॉन न्यूमन. विसाव्या शतकातल्या सर्वात तल्लख डोक्यांपैकी एक. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय की तो स्वतःला भिकार प्रोग्रॅमर म्हणवायचा आणि आपले प्रोग्रॅम चुका शोधायला सतत दुसऱ्यांच्या हातात कोंबायचा. फॉन न्यूमन! आणि आपण? पुल रिक्वेस्टवर तीन प्रश्न आले की आपला चेहरा पडतो.

त्याच पुस्तकात बिल नावाच्या प्रोग्रॅमरचा किस्सा आहे. त्याने आपला कोड एका सहकारी बाईंना वाचायला दिला. त्यांना १३ ओळींत १७ चुका सापडल्या. बिलने काय करावं? तो दिवसभर हसत हसत ऑफिसभर हे सांगत सुटला. कोड म्हणजे मी नव्हे, एवढं एकदा कळलं की माणूस असा हसू शकतो.

पुढे १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी या सगळ्याला शिस्त लावली. डिझाइन आणि कोड तपासायची ठरलेली पद्धत, ठरलेल्या भूमिका, मीटिंग चालवायला वेगळा माणूस. मीटिंगमध्ये चुका फक्त शोधायच्या, तिथेच सोडवत बसायचं नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, या चुकांचा हिशेब कुणाच्या अप्रेझलसाठी वापरायचा नाही. त्याच सुमारास टोरांटो विद्यापीठात हॉर्निंग आणि वर्टमन यांनी विद्यार्थ्यांसाठी चक्क एक खेळ काढला. मुलांचे छोटे गट म्हणजे छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या. एका गटाने बनवलेला भाग दुसऱ्याने विकत घ्यायचा आणि त्यात बदल करायचे. म्हणजे तुमचं डिझाइन कसं आहे हे मास्तर सांगणार नाहीत, ते ज्याच्या गळ्यात पडलं तो सांगणार!

आमच्या कॉलेजात काय होतं? चौघांचा प्रोजेक्ट ग्रुप, एकजण कोड लिहिणार, एकजण रिपोर्ट टाइप करणार आणि उरलेले दोघे बाइंडिंगला जाणार. व्हायव्हात चूक निघाली की मार्क कट. चूक सापडणं म्हणजे शिक्षा, हे आम्ही तिथेच शिकलो आणि सोबत घेऊन नोकरीला लागलो.

आता त्या मुलाच्या गप्प बसण्याकडे येतो. फेगन वाचताना माझी ट्यूब पेटली. बुधवारी डिझाइन माझं होतं, मीटिंग मीच चालवत होतो आणि त्या मुलाचं अप्रेझलही मीच भरतो. वर, गेल्या महिन्यात एकाने शंका काढली तेव्हा "आधी डॉक्युमेंट नीट वाच" असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. मी ते विसरलो होतो. तो विसरला नव्हता. मीटिंगमध्ये रिव्ह्यू झालाच नव्हता, फक्त हजेरी लागली होती.

सोमवारी दोन गोष्टी केल्या. ती चूक टीमसमोर सांगितली, आणि ती कुणी शोधली तेही. आणि यापुढे माझ्या डिझाइनचा रिव्ह्यू मी चालवणार नाही, दुसऱ्या टीममधलं कुणीतरी चालवेल, असं ठरवलं. प्रत्येक विनंतीला एक ओळख क्रमांक दिला, की तीच विनंती पुन्हा आली तर सिस्टिम ओळखेल. रिलीज आठवडाभर पुढे गेलं. मॅनेजर साहेबांनी कारण विचारलं, ते दिलं.

बिलसारखं हसत हसत ऑफिसभर सांगत सुटणं मात्र अजून जमलेलं नाही. सांगितलं खरं, पण कान गरम झाले होते. अकलोलीच्या पाण्यापेक्षा थोडे कमीच म्हणा!