एव्ही रिसीव्हर

एव्ही रिसीव्हर हे होम थिएटरमधील मध्यवर्ती उपकरण आहे. ब्लू-रे प्लेयर, सेट-टॉप बॉक्स इत्यादींकडून येणारे संकेत ते स्वीकारते, ध्वनी वेगवेगळ्या वाहिन्यांत विभागून प्रवर्धित करते व स्पीकरांना पुरवते. चित्र दूरचित्रवाणी संचाकडे पाठवते. अशा प्रवर्धकात रेडिओचा ट्यूनर अंगभूत असल्यामुळे त्यास 'रिसीव्हर' हे नाव पडले.

स्पीकरांची मांडणी

प्रचलित ५.१ मांडणीत समोर तीन व श्रोत्याच्या दोन्ही बाजूंस किंचित मागे दोन असे पाच स्पीकर असतात, '.१' म्हणजे सबवूफर. डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये (२०१२) छताकडील स्पीकरांची भर पडली व ५.१.२ सारखी तीन अंकी नोंद रूढ झाली. चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या वाहिनीतून येतात. तेथे हलका स्पीकर बसवून केलेली काटकसर महाग पडते, कारण स्फोट घुमतात पण संवाद कळत नाहीत. समोरचे तिन्ही स्पीकर शक्यतो एकाच मालिकेतील निवडतात.

शक्ती आणि मेळ

खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा निवडीसाठी पुरेसा नसतो. तो बहुधा एक-दोन वाहिन्याच चालू ठेवून मोजलेला असतो. सर्व वाहिन्या एकदम चालू असता प्रत्येकीस मिळणारी शक्ती घटते. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. त्यामुळे स्पीकरची संवेदनक्षमता, म्हणजे १ वॉट शक्तीवर १ मीटर अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी, अधिक निर्णायक ठरते. ८५ डेसिबेलच्या स्पीकरला ज्या आवाजासाठी १०० वॉट लागतात, त्यासाठी ९१ डेसिबेलच्या स्पीकरला सुमारे २५ वॉट पुरतात.

दुसरी बाब विद्युत संरोधाची. ८ ओहमऐवजी ४ ओहमचा स्पीकर जोडल्यास त्याच व्होल्टतेला दुप्पट प्रवाह वाहतो. ४ ओहमसाठी न बनवलेला रिसीव्हर तापून बंद पडू शकतो. कमी शक्तीचा रिसीव्हर स्पीकरला निर्धोक असतो, हा समजही चुकीचा आहे. क्षमतेपलीकडे आवाज वाढवल्यास संकेताची शिखरे छाटली जातात आणि ट्वीटर जळण्याचा संभव असतो.

सबवूफरमध्ये बहुधा स्वतःचा प्रवर्धक असतो. सुमारे ८० हर्ट्‌झखालील ध्वनी त्याकडे वळवल्यास रिसीव्हरवरील भार हलका होतो व लहान स्पीकरही चालतात.